हसवण्याची मजुरी

दारिद्र्यात वाढलेला माणूसच खरा विनोदी नट होतो, ही समजूत मराठी मनात इतकी रुजलेली आहे की एखाद्या हास्यनटाचे चरित्र लिहिताना त्याच्या लहानपणीच्या उपासमारीलाच त्याच्या कलेची शिदोरी ठरवून टाकण्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. उपाशी राहून माणूस हसवायला शिकत असता, तर कोरडवाहू पट्ट्यातील प्रत्येक गावाने एकेक नट दिला असता आणि वऱ्हाडातील नटांची तर मोजदाद करणे कठीण झाले असते. गरिबीत आणि स्थलांतरात वाढलेल्या मुलाला विनोदाच्या धंद्यात जी वाट सापडली, ती दुःखापेक्षा काही विशिष्ट जागांमुळे सापडली. कष्टकरी माणसे एकत्र जमतात, त्यांना वर्षातून एखाद्या दिवशी वरच्यांची थट्टा करण्याची मुभा असते आणि तिथे हसवणाऱ्याला भांडवल म्हणून शरीर आणि आवाज याखेरीज काही लागत नाही, अशा त्या जागा होत. अमरावतीत जन्मलेले आणि मुंबईच्या कामगार वस्तीत वाढलेले भगवान आबाजी पालव, म्हणजे चित्रपटसृष्टीचे भगवानदादा, यांचे आयुष्य या दृष्टीने पाहिले तर ही वाट कशी उघडते आणि पुढे कुठे संपते, हे दोन्ही बरेच स्पष्ट होते.

स्थलांतरित कुटुंब म्हटले की आज परदेशी गेलेल्या कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु महाराष्ट्राच्या गेल्या दीड शतकातील मोठे स्थलांतर देशातल्या देशात, गावाकडून गिरणीकडे झालेले आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस अडल्यामुळे इकडच्या कापसाचे भाव चढले, आणि १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचल्याने वऱ्हाडातला कापूस गाडीत भरून थेट बंदराकडे जाऊ लागला. कापूस वऱ्हाडातून गेला तरी मुंबईच्या गिरण्यांतील हात प्रामुख्याने कोकणातून आणि सातारा-पुण्याच्या घाटमाथ्यावरून आले, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. वऱ्हाडी माणूस पिढ्यान्‌पिढ्या वावर धरून राहिला. अकोला, बडनेरा, अचलपूर येथे निघालेल्या गिरण्यांनी काहींना जवळच काम दिले, आणि जे दूर गेले ते तुरळक गेले. आज मात्र सातपुड्याच्या पायथ्याच्या तेल्हारा तालुक्यासारख्या भागातूनही पुण्या-मुंबईच्या वाटा धरल्या जातात. या तालुक्याच्या उत्तरेला वान धरणाचे पाणी आहे, तर दक्षिणेकडचा काही भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूगर्भातील पाणीच खारट असल्यामुळे विहीर खणूनही ओलित करता येत नाही अशा पट्ट्यात, येतो. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, आणि पावसावर विसंबलेल्या घरातला मुलगा शहरात जातो तेव्हा त्याच्याबरोबर फार काही सामान नसते. बोली मात्र असते, आणि तिचा प्रश्न पुढे येईलच.

मुंबईतील गिरण्यांच्या भोवती लालबाग, परळ, नायगाव, दादर असा जो भाग वसला, त्याला गिरणगाव म्हणतात. तेथील बहुतेक पुरुष कुटुंब गावी ठेवून एकटे राहत. एका गावच्या मंडळाने घेतलेल्या एकाच खोलीत पाळीप्रमाणे माणसे झोपत, म्हणजे रात्रपाळीचा कामगार परतला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळली जाई, आणि जेवणासाठी बायका चालवीत असलेल्या खानावळी असत. अशा दाटीत करमणूक ही विकत घ्यायची वस्तू राहत नाही, ती तिथेच निर्माण करावी लागते. चाळीतील गणपती, गोकुळाष्टमीची दहीहंडी, भजनी मंडळे, व्यायामशाळा, शाहिरांचे फड, लालबागच्या हनुमान थिएटरातील तमाशा आणि परळच्या दामोदर नाट्यगृहातील कामगारांची नाटके यांनी गिरणगावात एक विनाशुल्क शाळाच उघडलेली होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाने पुढे कामगारांच्या नाट्यस्पर्धा भरवून या शाळेला सरकारी मान्यताही दिली, असे म्हणता येईल.

या शाळेतील विनोदाचा मुख्य धडा तमाशातून आलेला होता. तमाशात गण आणि गवळण झाल्यावर बतावणी येते. बतावणी म्हणजे दोघातिघांतील असा हजरजबाबी संवाद, ज्यात लिहिलेले थोडे आणि समोरच्या प्रेक्षकाकडे पाहून जागेवर रचलेले पुष्कळ असते. तिच्यानंतर वग, म्हणजे कथानक असलेला भाग, सुरू होतो. या दोन्हींत राजाच्या, सावकाराच्या किंवा पाटलाच्या तोंडावर त्याची अक्कल काढण्याचा परवाना ज्याच्याकडे असतो तो सोंगाड्या. तो वेडा दिसतो म्हणून त्याला बोलता येते, आणि त्याला बोलता येते म्हणून समोर बसलेल्या कामगाराला आपल्या मनातले कुणीतरी बोलल्याचे समाधान मिळते. वाटेगावहून कुटुंबाबरोबर पायी मुंबई गाठलेले आणि गिरणीत राबलेले अण्णाभाऊ साठे यांनी १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा याच सोंगाड्याला त्यांनी जमीनदार आणि मालकांच्या अंगावर सोडले. ‘अकलेची गोष्ट’ हे त्यांचे लोकनाट्य त्या धर्तीचे आहे. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा आणि भगवानदादांचा १ ऑगस्ट १९१३ चा. तारखेच्या या योगायोगाला अर्थ काही नाही. पण दोघेही कष्टकऱ्यांच्या घरून आले, आणि एकाने लेखणी धरली तर दुसऱ्याने कंबर हलवली.

भगवान पालव यांचे वडील कापड गिरणीत कामगार होते. शाळा लवकर सुटली, मजुरी सुरू झाली, आणि मजुरीतून वेळ काढून व्यायामशाळा व कुस्ती यांचा नाद लागला. ‘दादा’ हे बिरूद त्या पिळदार शरीरामुळे चिकटले. मूकपटांचा तो काळ या मुलाला फार सोयीचा होता. बोलपट आल्यावर नटाला शुद्ध उच्चार, गाता गळा, उर्दूचा सराव असे नाना गुण लागू लागले, परंतु मूकपटात उडी मारता आली, आपटता आले आणि चेहऱ्यावर भाव आणता आला की पुरे होते. तालमीत घाम गाळणाऱ्या मजुराला चित्रपटात शिरायला याहून स्वस्त दरवाजा असू शकत नव्हता. मूकपटांतून आत शिरल्यावर त्यांनी कॅमेरा, संकलन, दिग्दर्शन असे हाताला येईल ते काम शिकून घेतले आणि १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्याबरोबर ‘बहादूर किसान’ हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला.

त्यानंतरची जवळजवळ एक तपाची कारकीर्द स्टंटपटांची आहे. स्टंटपट म्हणजे मारामाऱ्या, पाठलाग आणि उड्या यांवर बेतलेला, थोड्या पैशांत आणि थोड्या दिवसांत उरकलेला चित्रपट. त्याचा प्रेक्षक गिरणीतला, गोदीतला, हमालीतला असे, आणि प्रतिष्ठित वृत्तपत्रांना त्याची दखल घ्यावीशी वाटत नसे. त्यात भगवानदादा बहुधा भाबड्या, काहीशा मंद वाटणाऱ्या, पण प्रसंग आला की चार जणांना लोळवणाऱ्या साध्या माणसाची भूमिका करीत. हे पात्र पाहणाऱ्याला परके नव्हते. नव्याने शहरात आलेला, ट्रामला बिचकणारा, साहेबापुढे तोतरा होणारा, पण ताकदीला कमी नसणारा गडी प्रत्येक खोलीत एक तरी होताच. कमी पैशांत चित्रपट काढायचा म्हणजे धोक्याची दृश्ये स्वतःच करायची, सरावाला वेळ द्यायचा नाही आणि दुखापत झाली तर नशीब म्हणायचे. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवार यांना मारलेली थप्पड प्रमाणाबाहेर जोरात बसली, त्यांच्या चेहऱ्याच्या नसेला इजा झाली आणि दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिका म्हणून त्यांची कारकीर्द तिथे संपली. पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांत गाजलेला तो बारीक डोळा याच अपघाताची खूण होता. शरीर हेच भांडवल असलेल्या धंद्यात नुकसानही शरीराचेच होते आणि तेही कधी कधी दुसऱ्याच्या, ही बाजू भगवानदादांच्या कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही.

१९४२ मध्ये त्यांनी ‘जागृती पिक्चर्स’ ही संस्था काढली आणि १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभारला. मारामाऱ्या सोडून सामाजिक, म्हणजे घरगुती कथानकाचा, चित्रपट काढ, असा सल्ला राज कपूर यांनी दिला, आणि त्यातून १९५१ चा ‘अलबेला’ जन्माला आला. निर्मिती, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका त्यांची स्वतःची होती, नायिका गीता बाली होती, गीते राजेंद्र कृष्ण यांची होती आणि संगीत मित्र सी. रामचंद्र यांचे होते. सी. रामचंद्र यांनी ‘चितळकर’ या नावाने लता मंगेशकर यांच्याबरोबर त्यात गायलेली गाणी आजही वाजतात, आणि ती वाजली की लोक ज्या तऱ्हेने नाचतात ती तऱ्हा भगवानदादांची असते. गुडघे किंचित वाकवायचे, पावले जेमतेम उचलायची, खांदे आणि कंबर तालावर सैल सोडायची आणि हात आपण होऊन जातील तसे जाऊ द्यायचे. कथकचे शिक्षण घेतलेल्याला ते नृत्य वाटणार नाही. पण दिवसभर साच्यापुढे उभे राहून पाय भरून आलेल्या माणसाला ते मिरवणुकीत तासभर सहज करता येते, आणि वरातीत व विसर्जनात ते टिकून राहिले ते यामुळेच.

‘अलबेला’चे कथानक गाण्यांच्या झगमगाटात दुर्लक्षित राहिले आहे, पण प्रस्तुत विषयासाठी तेच अधिक महत्त्वाचे आहे. प्यारेलाल हा बेताच्या उत्पन्नाच्या घरातला, नोकरीत लक्ष नसलेला, नाटकात नाव काढण्याची स्वप्ने पाहणारा मुलगा आहे. बहिणीच्या लग्नासाठी त्याने आपला वाटा द्यावा अशी घराची अपेक्षा असते. तो पैसे उभे करू शकत नाही, वडिलांशी भांडण होते, आणि नाव व पैसा मिळवल्याशिवाय परतणार नाही असे म्हणून तो घराबाहेर पडतो. रंगभूमीवर तो खरोखर गाजतो आणि घरी पैसे पाठवू लागतो. परंतु ते पैसे मधल्यामध्ये एक नातेवाईक हडप करतो, आणि मुलगा परततो तेव्हा आई वारलेली आणि उरलेले घर धुळीला मिळालेले असते. कामगाराच्या घरातून आलेल्या माणसाने काढलेल्या चित्रपटाचे कथासूत्र पाठवलेल्या पैशांवर उभे असावे, हे उगाच झालेले नाही. गिरणगावातील निम्मे जग मनिऑर्डरवर चालत होते, आणि आपण पाठवलेले पैसे घरी पोहोचले की नाहीत, पोहोचले तर कुणाच्या हाती पडले, ही चिंता प्रत्येक खोलीत होती. शिवाय घरच्यांच्या लेखी नाटक-सिनेमा हे काम नव्हतेच. हसवून पैसे मिळतात हे पटवून द्यायला प्यारेलालला घर सोडावे लागते, आणि पैसे मिळूनही ते पटवून देणे त्याला साधत नाही.

विनोदाच्या धंद्यातील स्थलांतरितांची पुढची उदाहरणे पाहिली तर बहुतेकांचे पहिले रंगपीठ कामाची जागा हेच असल्याचे दिसते. बद्रुद्दीन काझी यांचे वडील इंदूरच्या कापड गिरणीत विणकामाशी संबंधित नोकरीत होते. ती नोकरी गेली, कुटुंब मुंबईला आले, आणि मुलगा किरकोळ विक्रीची कामे करीत अखेरीस बेस्टच्या बसवर वाहक झाला. थांब्यांची नावे घेताना आणि तिकिटे फाडताना तो प्रवाशांना हसवीत असे. त्याच्या या गमती बलराज साहनी यांच्या नजरेस पडल्या, त्यांनी त्याला गुरुदत्त यांच्याकडे धाडले, आणि तेथे वठवलेल्या दारुड्याच्या सोंगावर १९५१ च्या ‘बाजी’त काम मिळून जॉनी वॉकर हे नाव पडले. हा पडद्यावरचा नामांकित झिंगलेला माणूस प्रत्यक्षात दारूला स्पर्श करीत नसे. दादा कोंडके यांचे घराणे भोरजवळच्या इंगवलीचे, जन्म १९३२ चा नायगावातला, घर गिरणीकामगारांचे; अपना बाजारात नोकरी, सेवा दलाच्या बँड व कलापथकात हजेरी, मग वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या लोकनाट्यातील हवालदार, आणि १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’. त्या चित्रपटाच्या नावातच तमाशातला तो परवानाधारक वेडा उभा आहे. लागोपाठ नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव झाल्याबद्दल गिनेस बुकात दादांची नोंद झाली, तिच्यामागे तिकीट काढणारा प्रेक्षक होता तो बहुतांशी गावाकडून शहरात आलेला किंवा शहरातून गावाकडे येजा करणारा.

तिसरे उदाहरण जॉनी लिव्हर यांचे आहे आणि विनोदाची तांत्रिक बाजू समजून घ्यायला ते सर्वांत उपयोगी पडते. जॉन प्रकाश राव जनुमाला यांचा जन्म १९५७ मध्ये आंध्रातील कनिगिरीचा. तेलुगू कुटुंब मुंबईला येऊन माटुंगा-धारावी परिसरातील झोपडवस्तीत राहिले, सातवीनंतर शाळा सुटली आणि रस्त्यावर पेन विकण्याची पाळी आली. ते नटांच्या आवाजात आणि ढंगात पेन विकत. नक्कल म्हणजे हुबेहूब प्रतिकृती, असा सर्वसाधारण समज आहे, पण तिचे खरे तंत्र निवडीचे आहे: ज्याची नक्कल करायची त्याच्या वीस लकबींतून एक उचलायची, ती थोडी ताणायची आणि उरलेल्या एकोणीस प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडायच्या. घरात तेलुगू, गल्लीत तमिळ आणि मराठी, बाजारात हिंदी, अशा गलबल्यात वाढणाऱ्या मुलाचा कान ही निवड करायला नकळत शिकतो, कारण बोलणारा कुठला, त्याचा हुद्दा काय आणि त्याची मर्जी कशी आहे हे ओळखण्यावर त्याचा दिवस अवलंबून असतो. वडिलांच्या पाठोपाठ हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात मजुरीला लागल्यावर कंपनीच्या एका कार्यक्रमात त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या, आणि सहकाऱ्यांनी कंपनीचेच नाव त्यांना बहाल केले. एकाचे नाव व्हिस्कीवरून आणि दुसऱ्याचे साबणाच्या कंपनीवरून, हा हिंदी विनोदाचा जाहिरातखर्च त्या कंपन्यांनी कधी चुकवला असेल असे वाटत नाही. पुढे कल्याणजी-आनंदजी यांच्या रंगमंचीय कार्यक्रमांतून नाव झाले, १९८१ मध्ये लिव्हर यांनी नोकरी सोडली आणि १९८२ मध्ये सुनील दत्त यांच्या ‘दर्द का रिश्ता’मधून ते पडद्यावर आले. त्याच वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि ज्या वस्तीने हा सगळा विनोद पोसला तिचे दिवे हळूहळू मंदावले.

जगात इतरत्रही ही वाट फारशी निराळी नाही. लंडनच्या गरीब वस्तीत वाढलेला आणि सातव्या वर्षी अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रमात जावे लागलेला चार्ली चॅप्लिन फ्रेड कार्नो यांच्या विनोदी मंडळीबरोबर १९१० मध्ये अमेरिकेला गेला, आणि १९१७ मध्ये त्याने स्थलांतरितांच्या बोटीवरच एक मूकपट काढला. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला एडी कँटर लहानपणीच पोरका झाला, आजीने त्याला वाढवले, आणि व्हॉदव्हिल, म्हणजे एका तिकिटात गाणे, कसरत, जादू, विनोद असे दहा प्रकार दाखवणारे खेळ, त्याला धंद्यात घेऊन गेले. व्हॉदव्हिलमध्येही शिक्षणाचा दाखला कुणी मागत नसे; लोक हसले नाहीत तर दुसऱ्या दिवशी नाव फळ्यावरून पुसले जाई, इतकाच नियम होता.

कारखान्यात अधिकाऱ्यांची नक्कल करायला वर्षातून एक दिवस मोकळीक मिळते, याचे कौतुक शहरी माणसाला वाटते. वऱ्हाडी माणसाला ते वाटू नये, कारण पोळ्याच्या झडत्या त्याने लहानपणापासून ऐकलेल्या असतात. पोळ्याच्या दिवशी गावातील सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि पोळा फुटण्यापूर्वी लोक एकेक करून झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवलेली, खणखणीत आवाजात म्हटली जाणारी, शेवटी महादेवाचा गजर करायला लावणारी चारदोन ओळींची रचना. तिच्यात बैलाचे गुणगान असते तसेच सावकाराचे व्याज, कापसाचा भाव, निवडून गेलेल्याची आश्वासने आणि पाटलाची चिक्कूगिरी यांवर बोचरे टोले असतात. ज्याच्यावर टोला असतो तो तिथेच उभा असतो, आणि त्या दिवशी त्याला रागावता येत नाही. तेल्हारा, अकोट, दर्यापूर या कापसाच्या पट्ट्यात शिक्षण नसलेला सालदारही, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणारा शेतमजूरही, झडती म्हणू शकतो. तमाशाची बतावणी, कंपनीचा कार्यक्रम आणि पोळ्याचे तोरण यांच्यातील नाते इथे आहे: तिन्ही ठिकाणी खालचा माणूस वरच्याला हसतो, तिन्ही ठिकाणी त्याला मुदत ठरवून दिलेली असते, आणि मुदत संपली की तो पुन्हा बैलामागे किंवा साच्यापुढे उभा राहतो.

हसवत हसवत झोडपण्याची ही रीत वऱ्हाडात कीर्तनापर्यंत पोहोचली ती गाडगेबाबांमुळे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले, म्हणजे आश्रिताचे लहानपण त्यांनाही चुकले नाही. त्यांच्या कीर्तनात प्रवचनकाराचा सूर नसे. श्रोत्यांना वऱ्हाडीत साधे प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घ्यायचे आणि त्या उत्तरातला भोंगळपणा त्यांनाच दिसला की सगळ्या मंडपाने हसायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यांना विनोदी कलावंत म्हणणे धार्ष्ट्याचे होईल, परंतु प्रेक्षकाला प्रश्नात अडकवून हशा काढण्याचे हे कौशल्य आज एकट्याने रंगमंचावर उभे राहणाऱ्या कोणत्याही विनोदवीराने अभ्यासावे असे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील धनज-माणिकवाड्याचे डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी ‘मिर्झा एक्सप्रेस’ या कार्यक्रमातून वऱ्हाडी हास्यकविता गावोगावच्या मंडपांत नेली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्या बोलीचा हशा कोणत्याही एका धर्माचा किंवा जातीचा नाही, हे त्यांनी नुसते उभे राहून सिद्ध केलेले होते.

बोलीचा प्रश्न शहरात गेल्यावर सुरू होतो. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर वऱ्हाडी बोलणारे पात्र बराच काळ घरगडी, पोलीस शिपाई किंवा गावंढळ पाहुणा याच रूपात येत असे, आणि हशा त्याच्या म्हणण्यावर न होता उच्चारांवर होत असे. भगवानदादांच्या मूकपटांत तो प्रश्नच उद्भवला नाही, आणि पुढे त्यांच्या वाट्याला हिंदी आली. ‘फू बाई फू’ आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतून अमरावतीकडचे भारत गणेशपुरे वऱ्हाडी ठसक्यात बोलू लागले तेव्हा मात्र एक फरक पडला. त्यांच्या तोंडची वऱ्हाडी सरपंचाची, अधिकाऱ्याची, पुढाऱ्याचीही असे. बोलणारा संथपणे, शब्द ओढून बोले आणि शहरी पात्राची धांदल उडे. हसण्याची दिशा बदलली. ज्या सवयीमुळे मुलाला शहरात दबून राहावे लागत असे, तीच सवय विकाऊ झाली, याचा आनंद मानावा की तिचाही आता ठरावीक साचा बनू लागला याची खंत करावी, याबद्दल मतभेद होऊ शकतात. बोली विकली जाते तेव्हा तिच्यातले ठसक्याचे शब्द तेवढे उचलले जातात आणि तिची दुःख सांगण्याची ताकद मागे राहते, असा अनुभव आहे. ही ताकद पाहायची असेल तर सतीश मनवर यांचा २००९ चा ‘गाभ्रीचा पाऊस’ पाहावा. गावात एका शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही तसेच काही करील या भीतीने त्याची बायको त्याच्यावर पाळत ठेवते, मुलाला त्याच्या मागे पाठवते, त्याला गोडधोड करून खाऊ घालते, आणि त्या बिचाऱ्याला हे काय चालले आहे ते कळतच नाही. प्रेक्षक हसतो आणि हसल्याबद्दल लगेच अवघडतो.

धंदा म्हणून विनोदाकडे पाहिले तर त्याचा दरवाजा स्वस्त असला तरी आत गेल्यावर पायाखाली जमीन नसते, ही गोष्ट भगवानदादांच्या उत्तरार्धात दिसते. ‘अलबेला’नंतर त्याच धर्तीचा ‘झमेला’ १९५३ मध्ये आला आणि १९५६ मध्ये किशोरकुमार यांना घेऊन ‘भागम भाग’ आला, पण पहिले यश परतले नाही. स्वतःचा पैसा स्वतःच्याच चित्रपटात घालण्याची सवय होती, ती आता उलटली. स्टुडिओ गेला, जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि माणूस पुन्हा दादरच्या चाळीत राहायला आला. गाण्याच्या प्रसंगात दोन पावले टाकून जाणारा पाहुणा नट म्हणून त्यांनी पुढची अनेक वर्षे मिळेल ते काम केले. सुबत्तेतले बहुतेक सोबती पांगले; सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण आणि ओम प्रकाश हे चाळीत येऊन भेटत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरलाच त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, त्यात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली. उधळेपणाने त्यांचे वाटोळे झाले, असे सांगण्याची पद्धत आहे आणि ती अंशतः खरीही असेल. परंतु भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन किंवा जुन्या गाण्यांच्या कमाईत हिस्सा यांपैकी काहीही नसलेल्या व्यवसायात काटकसरी माणूसही म्हातारपणी कुठे पोहोचला असता, हा प्रश्न त्या सांगण्यात वगळला जातो. गिरणीतल्या वडिलांची मजुरी तुटपुंजी होती, पण ती दर महिन्याला मिळत होती.

ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी महाराष्ट्र शासनाची मानधन योजना आहे, तिची रक्कम २०२४ पासून दरमहा ५ हजार रुपये करण्यात आली आहे, आणि तमाशा, भारूड, शाहिरी, कीर्तन अशा कलांत आयुष्य घालवलेले लोक तिच्यासाठी अर्ज करू शकतात. अर्जासोबत कलेच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात; कार्यक्रमांच्या पत्रिका, वृत्तपत्रांतील कात्रणे, प्रशस्तिपत्रे, छायाचित्रे असे ते पुरावे असतात. कीर्तनकाराकडे सप्ताहाच्या पत्रिका सापडतात, शाहिराकडे एखादे शाल-श्रीफळाचे छायाचित्र निघते. दरवर्षी तोरणाखाली उभे राहून अख्ख्या गावाला हसवणाऱ्या तेल्हारा तालुक्यातील एखाद्या म्हाताऱ्या सालदाराच्या झडत्यांची पत्रिका मात्र कुणी छापलेली नसते.